होईल म्हणायचं नाही

"आत्ता काय म्हणालात तुम्ही सिस्टरना?"

जिन्याच्या वळणावर थांबून मास्तरांनी विचारलं. हॅलोताई मीटिंगचे कागद छातीशी धरून त्यांच्या मागून उतरत होती. ती तिथेच थबकली.

"कधी, सर?"

"दारातून निघताना. त्यांनी विचारलं, मशीनचे पॉइंट गुरुवारपर्यंत लागतील का."

"होईल म्हणाले."

"वायरमनला विचारलं होतंत?"

"नाही."

"ठेकेदाराला?"

"नाही. पण त्या इतक्या काळजीत होत्या, म्हटलं..."

"म्हणजे त्यांची काळजी गेली. मग आता ती कुणाकडे आहे?"

ताईने जरा विचार केला. "माझ्याकडे," ती हळूच म्हणाली.

"तुमच्याकडे असती तर बरं होतं. तुम्ही ती जिन्यात विसरून आलात. आता ती कुणाकडेच नाही," मास्तर म्हणाले आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरू लागले.

त्यांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायची खोड, त्यामुळे हॉस्पिटलभर त्यांना मास्तर म्हणत. तोंडावर अर्थात सर. नवं बांधकाम, जुन्याची डागडुजी, एखादा विभाग इकडचा तिकडे हलवणं, हे सगळं त्यांच्या प्रकल्प कार्यालयातून व्हायचं. कार्यालय म्हणजे तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या विभागाशेजारची एक खोली. भिंतीला कायम ऊब, आणि हवेत साबणाचा वास.

हॅलोताईचं नाव पडलं ते टेलिफोन एक्स्चेंजमुळे. हॉस्पिटलात फोन करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर आधी तिचा आवाज पडायचा. मध्यरात्री घाबरून फोन करणाऱ्या माणसाला "काळजी करू नका, लगेच जोडते" म्हणताना तिचा आवाज असा मऊ व्हायचा, की पलीकडच्याचा श्वास खाली बसायचा. डॉक्टर जागेवर असोत वा नसोत, "येतील हं एवढ्यात" हे ती म्हणायचीच. पुढे यंत्रं आली, फोन आपापले जोडले जाऊ लागले आणि एक्स्चेंजची खोली बंद झाली. तिथल्या बायकांना विचारलं गेलं, घरी बसणार की दुसरं काही शिकणार? बाकीच्यांनी घर पत्करलं. ताईचं लग्न राहून गेलं होतं, घरी म्हातारी आई होती, आणि दिवसभर आईच्या समोर बसून राहायची कल्पना दोघींनाही झेपणारी नव्हती. ती प्रकल्प कार्यालयात शिकाऊ उमेदवार झाली. केसांत पांढरं दिसू लागल्यावर गळ्यात 'शिकाऊ' असं ओळखपत्र अडकवून हिंडायचं. कॅन्टीनवाला म्हणायचा, "ताई, शिकाऊ लोकांना चहा अर्धा मिळतो." ती हसायची. एकटी असली की मात्र ओळखपत्र पालथं करून ठेवायची.

त्या वर्षीचं मोठं काम डायलिसिस विभागाचं होतं. जुनी इमारत पाडायची ठरली होती. तिच्यातला हा विभाग नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर न्यायचा होता. ऐकायला सोपं. खाटा उचलायच्या, मशीनं उचलायची, तिकडे मांडायची. ताईने पहिला आराखडा केला तोही तसाच: एकाखाली एक कामं, प्रत्येकासमोर तारीख, चार रंगांत. तिला तो फार देखणा वाटला होता.

मास्तरांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "यातलं कुठलं काम अडलं तर बाकीची सगळी अडतील?"

"मशीनं?"

"मला विचारताय की सांगताय?"

"विचारतेय."

"मग मला कशाला? तिथे जाऊन बसा दिवसभर. काही करू नका. नुसतं बघा."

ती जाऊन बसली. ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, हाताला नळ्या, शेजारी घोंघावणारं मशीन. कुणी झोपलेलं, कुणी छताकडे बघत असलेलं. विभागाच्या सिस्टर सतत उभ्या. अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड, आणि हाताने अगदी हलक्या. दुपारी त्यांनी ताईला मागच्या खोलीत नेलं. तिथे टाक्या, पंप आणि भिंतभर पाइप होते.

"मशीनं काय, ढकलत नेता येतात," सिस्टर म्हणाल्या. "खरं काम हे. पाणी. या लोकांचं रक्त धुतलं जातं ते या पाण्याच्या जिवावर. आपण पितो तेवढं चांगलं असून भागत नाही. त्यात जंतू गेला की ताप, थंडी, आणि मग काहीही. नवीन जागेतलं पाणी तपासून चांगलं आलं, की मी आणि माझी माणसं तिकडे. तोवर मंत्री आला तरी हलणार नाही मी."

ताईने आराखडा फाडून नवा केला. या खेपेला पाणी सगळ्यांच्या आधी होतं, आणि बाकीच्या कामांच्या रेघा त्याच्यातून फुटत होत्या. मास्तरांनी तो पाहिला आणि भिंतीवर लावायला टाचण्या दिल्या. त्यांच्या लेखी ही शाबासकीच होती.

त्यानंतर तिला डायलिसिसच्या खोलीत जायला कारण लागेना. तिथे अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीत घड्याळजी बसायचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आता बोटं थरथरायची म्हणून दुकान पुतण्या बघत होता. इथे त्यांच्या खुर्चीसमोर पोपडे आलेली भिंत होती.

"नव्या जागेत खिडकी आहे म्हणे," त्यांनी एकदा विचारलं.

"आहे. मोठी आहे. रस्ता दिसतो."

"रस्ता दिसला की झालं. लोक घाईत चाललेले बघायला मला बरं वाटतं. आपल्याला घाई नाही, हे कळतं." मग म्हणाले, "मला मिळेल का हो खिडकीजवळची खुर्ची?"

ताईच्या तोंडावर शब्द आलाच होता. तिने तो गिळला. "सिस्टरना विचारून सांगते," ती म्हणाली. आणि खरंच विचारून आली. सिस्टर म्हणाल्या, "देते की. मागितलंय कुणी दुसऱ्याने?"

घरी मात्र शब्द गिळायचं तिला जमत नव्हतं.

आईला हल्ली धूसर दिसायचं. बाहेरच्या खोलीत दादाची कॉट होती. दादा परदेशी गेला, त्याला किती वर्षं झाली हे दोघी मोजत नव्हत्या. कॉटवर धुतलेली चादर असायची, उशीला अभ्रा असायचा. आई दर काही दिवसांनी विचारायची, "दादाचं काय ठरलं गं? येतोय का?"

"येईल गं. सुट्टी मिळाली की येईल."

दादाने तिला फोनवर सांगितलं होतं ते वेगळंच. त्याने तिकडे घर घेतलं होतं, मुलांच्या शाळा होत्या, बायकोची नोकरी होती. "आता आम्ही इथलेच गं. आईला तू सांग सावकाश, तुला जमतं बोलायला," असं म्हणाला होता. ताईला जमतं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

विभाग हलवायची तारीख ठरली. पेशंटांना सांगून झालं. जुनी इमारत पाडणाऱ्यांना त्यांची तारीख दिली गेली. आणि नेमके त्याच आठवड्यात मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. जाताना त्यांनी कार्यालयाची किल्ली ताईच्या हातात ठेवली.

"सर, पुढे ढकलता नाही का येणार?"

"डोळा की विभाग?"

"डोळा."

"दोन्ही मीच बघत बसलो तर तुम्ही कधी शिकणार?" ते म्हणाले. जाता जाता दारात अडखळले आणि तिने पुढे केलेला हात त्यांनी धरला.

पाण्याचा रिपोर्ट आला तेव्हा ती खोलीत एकटी होती. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. मग ठेकेदाराला बोलावून घेतलं. पाण्याचं सगळं काम त्याचं. तरुण होता, हसतमुख, कामात वाईट नव्हता. पण कागद वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"जंतू आलेत," ताई म्हणाली.

"थोडेसेच आहेत हो. नवीन लाइन आहे, पहिल्यांदा येतात. मी आज औषध सोडून लाइन धुऊन काढतो. दुसरा नमुना पाठवू. तो चांगलाच येणार."

"तो रिपोर्ट यायच्या आधी हलवायची तारीख येते."

"हलवू द्या की. तोवर लाइन स्वच्छ झालेली असेल. रिपोर्ट काय, मागून येईल." त्याने आवाज खाली आणला. "ताई, आत्ता बोंब केलीत तर माझं नाव खराब होईल, तुमचंही होईल. सर नसताना गोंधळ घातला म्हणतील. आज कुणाला काही सांगू नका. होईल सगळं."

तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला कसंसंच झालं. गुळगुळीत, गोड आणि आतून पोकळ. तिने मास्तरांना फोन लावला. त्यांची पट्टी अजून सुटली नव्हती. तिने सगळं सांगितलं.

"रिपोर्ट तुमच्या हातात कधी आला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

"सिस्टरना कधी कळायला हवं?"

"आत्ताच."

"आणि मोठ्या साहेबांना?"

"आत्ताच. पण सर, तुम्ही बोललात तर ते..."

"माझ्या डोळ्यावर पट्टी आहे. रिपोर्ट कुणी वाचलाय?"

ताईने रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उघडली. पलीकडून मास्तर म्हणाले, "घाबरलात?"

"हो."

"बरोबर आहे. घाबरूनच जा. फक्त जा."

सिस्टरांनी एकच वाक्य ऐकलं आणि मान हलवली. "मी हलत नाही," एवढंच म्हणाल्या. अवघड होतं ते मोठ्या साहेबांचं. ते हॉस्पिटलचे प्रमुख. वाईट माणूस नव्हता, पण त्यांच्या टेबलावर एकाच वेळी दहा कामं असत आणि अकरावं आलं की त्यांच्या कपाळाची शीर दिसू लागे.

"शिकाऊ उमेदवार येऊन मला सांगणार, की तारीख चुकली?" ते म्हणाले.

"चुकली नाही, साहेब. आज कळलं की ती जमणार नाही. आज कळलं म्हणून आजच आले."

"मला पाडणाऱ्यांना उत्तर द्यायचंय. नवी तारीख सांगा. सोमवार?"

किती सोपं होतं. सोमवार म्हटलं की शीर खाली बसली असती, साहेबांनी कदाचित चहाही मागवला असता. ताईला एक्स्चेंजची जुनी खुर्ची आठवली, कानावरचं यंत्र, पलीकडचे ते अधीर श्वास.

"सोमवार सांगता येणार नाही," ती म्हणाली. "दुसरा नमुना आज जातोय. त्याचा रिपोर्ट आला, की त्याच दिवशी येऊन सांगेन. चांगला असला तर तारीख सांगेन, नसला तर तेही सांगेन. त्याच्या आधी मी काही बोलले, तर तो अंदाज असेल, आणि तुम्ही तो पुढे तारीख म्हणून सांगाल."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तिचा आवाज मऊ नव्हता. थोडा कापत होता, पण सरळ होता.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "पाडणाऱ्यांना मी थोपवतो. जा."

पेशंटांना सांगायला ती स्वतः गेली, एकेका खुर्चीपाशी. एका बाईंच्या मुलाने हलवायच्या दिवशी आईसोबत राहायला म्हणून रजा काढली होती. "आता पुन्हा रजा कोण देणार त्याला? तुम्ही लोक ठरवता तरी कशाला तारखा?" बाई रागाने बोलल्या आणि मग त्यांना रडूच आलं. ताईने समजूत घातली नाही. शेजारी उभी राहिली, पाण्याबद्दल जे खरं ते सांगितलं, आणि "तुमचं म्हणणं बरोबर आहे" म्हणाली. बाईंनी बऱ्याच वेळाने डोळे पुसून तिला बसायला स्टूल दाखवलं.

घड्याळजी म्हणाले, "म्हणजे अजून काही दिवस याच भिंतीकडे बघायचं."

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही मला."

"हरकत नाही. भिंत ओळखीची आहे." ते डोळे मिटून हसले.

त्या संध्याकाळी ताई घरी आली, तेव्हा आई अंधारातच बसली होती. तिला दिवा लावला काय, नाही काय, सारखंच. ताईने दिवा लावला, चहा केला, दोघींचे कप घेऊन आली.

"दमलीस?" आईने विचारलं.

"हो."

"दादाचा फोन आला होता का गं? काही ठरलं का त्याचं?"

ताईने कप खाली ठेवला. कॉटवरची चादर तिनेच परवा बदलली होती.

"आई, दादा येणार नाही. राहायला नाही येणार. भेटायला येईल कधीतरी, पण ते कधी, हे त्यालाही माहीत नाही. त्याने मला केव्हाच सांगितलंय. मी तुला सांगत नव्हते."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, त्याचा आवाज येऊन थांबला. आईने चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा.

"बरा आहे ना पण तो?"

"बरा आहे. मजेत आहे."

"मुलं?"

"मोठी झाली. धाकटा त्याच्यासारखाच बोलतो, भरभर."

आईने पदराने तोंड पुसलं. डोळे पुसले की ओठ, ते ताईला कळलं नाही. मग आई म्हणाली, "मग ती कॉट काढून टाक उद्या. येता-जाता तिची कड लागते माझ्या गुडघ्याला."

ताईने तिचं लुगडं जरा वर सारून पाहिलं. गुडघ्याच्या खाली जुने, निळसर डाग होते, एकावर एक. ती तिथेच जमिनीवर बसली आणि आईच्या पायांवर हात ठेवून राहिली. आई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती.

"सांगायचंस गं आधी," एवढंच आई नंतर म्हणाली. रागाने नाही.

दुसरा रिपोर्टही वाईट आला. ताई तो घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली आणि ठरल्याप्रमाणे तेही सांगितलं. साहेबांनी पाडणाऱ्यांना फोन लावला. मग ठेकेदार स्वतः एक दिवस सकाळपासून पाइपांखाली पालथा पडला. दुपारी तो कपड्यांना माती लावून कार्यालयात आला आणि पाइपचा एक तुकडा टेबलावर ठेवला. लाइनला काढलेला एक फाटा पुढे न वापरता तसाच बंद करून ठेवलेला होता. तिथलं पाणी हलतच नव्हतं, तिथेच कुजत होतं.

"माझ्याच माणसाचं काम," तो म्हणाला. "कापून टाकलं. आता बघा." मग म्हणाला, "होईल म्हणत नाही मी. बघा म्हणतो."

ताईला हसू आलं. तिने त्याला चहा मागवला, पूर्ण कप.

तिसरा नमुना गेलेला असताना घड्याळजी वारले. घरीच, झोपेत. सिस्टरांनी सकाळी सांगितलं. ताई मागच्या खोलीत, टाक्यांपाशी जाऊन उभी राहिली. सिस्टर तिच्या मागे आल्या.

"आपण तारीख पाळली असती, तर एकदा तरी बसले असते हो त्या खिडकीशी," ताई म्हणाली.

"बसले असते."

"मग?"

"मग काय? आजाराने गेले ते. आपल्या पाण्याने नाही गेले." सिस्टरांचा जाड आवाज मध्येच बसला. त्यांनी पंपावरची धूळ हाताने पुसली. "रडायचं असेल तर रड इथे. बाहेर माझी माणसं आहेत."

रिपोर्ट चांगला आला. ताईने साहेबांना तारीख सांगितली आणि त्या तारखेला विभाग हलला. मास्तर काळा चष्मा लावून आले होते. दिवसभर ते भिंतीशी एका खुर्चीवर बसून राहिले, कुणी काही विचारलं की ताईकडे बोट दाखवत. मशीनं एकेक करून आली, जोडली गेली, धुऊन निघाली. पेशंट आले. खिडकीजवळच्या खुर्चीत सिस्टरांनी त्या रजावाल्या मुलाच्या आईला बसवलं. मुलाला पुन्हा रजा मिळाली नव्हती. संध्याकाळी ताईने किल्ल्या मोजून सिस्टरांच्या हातात दिल्या, सिस्टरांनी सही केली. मास्तर म्हणाले, "आता इथे रोज रोज यायचं नाही. आता हे त्यांचं. सोमवारपासून एक्स-रे विभाग." जाताना त्यांनी कार्यालयाची किल्ली परत मागितली नाही.

सोमवारी एक्स-रे विभागाकडे जाताना तिची पावलं आपोआप पहिल्या मजल्यावर वळली. दाराला काच होती. आत सिस्टर पाठमोऱ्या उभ्या होत्या, मशीनं घोंघावत होती, सगळं जिथल्या तिथे होतं. तिला आत जायचं काही कारण नव्हतं.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. पहिल्यांदाच आलेली असावी. मांडीवर कुणाची तरी चप्पल कागदात गुंडाळून धरली होती, आणि शेजारी पिशवी.

"तुमचं कोण आहे आत?" तिने ताईला विचारलं.

ताईने पुन्हा काचेकडे पाहिलं.

"माझं काम होतं इथे," ती म्हणाली. "झालं ते."

"मग टेका की जरा," बाई म्हणाली, आणि पिशवी उचलून तिने बाकावर जागा केली.

ताई बसली.